आकड्यातली माणसं

(दृश्य : पहाट. क्वार्टर गेटचा चौक. पीएमपीची रिकामी बस वळते. सिटी चर्चचं फाटक उघडतं.)

पुण्यात 'सिटी चर्च' म्हटलं की रिक्षावाला दुसरा प्रश्न विचारत नाही. मीटर टाकतो आणि क्वार्टर गेटला आणून सोडतो.

आत्ता समोर दिसतंय ते मात्र पहिलं सिटी चर्च नव्हे. पहिलं मातीचं होतं. १७९२ साली सवाई माधवराव पेशव्यांनी शहराच्या या कडेला जागा दिली. ती मिळाली पेशव्यांच्याच फौजेतल्या ख्रिस्ती लोकांना. गोव्याकडून चाकरीसाठी आलेली ही माणसं. त्याच वर्षी ८ डिसेंबरला इथं पहिली मिस्सा झाली. म्हणजे शनिवारवाड्यावर चौघडा वाजत होता त्या काळात, जेमतेम दोन-अडीच किलोमीटरवर, पेशव्यांचेच शिपाई गुडघे टेकून प्रार्थना करत होते. पुण्याच्या इतिहासाच्या गप्पांत हे फारसं कुणी सांगत नाही.

(दृश्य : आवारातली जमीन. झाडू मारल्याच्या रेघा.)

ते मातीचं देऊळ गेलं. मागं पक्कं बांधकाम आलं. जुन्यातली एक भिंत दाखवावी म्हटलं तर दाखवायला काही नाही, म्हणून आम्ही ही जमीनच दाखवतोय.

त्या पहिल्या मंडळींपैकी एक नाव टिकलं. दोम मिगेल दि नोरोन्हा. पेशव्यांच्या फौजेतले अधिकारी. चर्चच्या इतिहासात ते नाव मानानं घेतलं जातं. आणि बाकीचे? बाकीचे 'फौजेतले ख्रिस्ती लोक'.

'बाकीचे' हा शब्द लक्षात ठेवा. पुढं बऱ्याचदा भेटणार आहे.

(दृश्य : कॅम्प. सेंट मेरीज चर्च. दारातून आत जाणारा कॅमेरा. उजेडाचे पट्टे, भिंतीवरच्या पाट्या.)

पेशवाई बुडाल्यावर सात वर्षांनी, १८२५ साली, कॅम्पातल्या या सेंट मेरीज चर्चचा समर्पणविधी झाला. कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर त्यासाठी पुण्यात आले होते. आधीचं चर्च पेशव्यांच्या शिपायांचं, हे कंपनीच्या पलटणींचं. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट १८३८ साली दापोडीत वारले, त्यांचं दफनही इथलंच.

पण आम्ही आलो ते भिंती पाहायला. संगमरवर, पितळ, काळी शाई भरलेली अक्षरं. वाचत चला. कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट, मग परत कॅप्टन. कुणी तापानं गेलं, कुणी लढाईत. वय, गाव, आईवडिलांचा उल्लेख, 'सोबत्यांनी बसवली' अशी नोंद. अधिकाऱ्याच्या वाट्याला एक पाटी, साध्या गोऱ्या सोल्जरच्या वाट्याला फार तर पलटणीच्या पाटीतला एखादा शब्द. तेव्हा हा काही फक्त काळ्या-गोऱ्याचा मामला नव्हता. ज्याच्या सोबत्यांकडे पाटी बसवायचे पैसे, त्याचं नाव भिंतीवर.

(दृश्य : नगर रस्ता. टपऱ्या, ट्रकांची रांग. भीमा नदीचा पूल. दूरवर स्तंभ.)

आता नगर रस्त्यानं तीसेक किलोमीटर. कोरेगाव भीमा.

१ जानेवारी १८१८. एका बाजूला दुसऱ्या बाजीरावांची फौज, दुसऱ्या बाजूला कॅप्टन स्टाँटनच्या हाताखालची कंपनीची पलटण. त्या लढाईबद्दल महाराष्ट्रात इतकं बोललं जातं की आम्ही भर घालत नाही. आम्हाला दाखवायचाय तो दगड.

(दृश्य : स्तंभाची बैठक. शिलालेखाचा क्लोज-अप. बोट अक्षरांवरून फिरतं.)

१८२१ साली पाया घातलेला हा स्तंभ. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी. आणि त्यावर कामी आलेल्यांची ४९ नावं. त्यातली २२ नावं 'नाक' या शेवटाची. सोमनाक, रामनाक, गणनाक. महार शिपायांची नावं, बापाच्या नावासकट, दगडात कोरलेली. साल १८२१, परत एकदा सांगतो. ज्या माणसाचं नाव गावच्या कागदात धड येत नव्हतं, ते त्याच्या पलटणीनं दगडावर आणलं. कंपनीनं हे काही प्रेमापोटी केलं नाही. नवी भरती हवी होती, धाक हवा होता, आपल्या जयाचा डंका हवा होता. कारण काहीही असो, नाव आलं.

आणि नाव आल्यानं काय होतं ते १ जानेवारीला इथं आलेल्यांना विचारा. १९२७ साली याच तारखेला बाबासाहेब आंबेडकर इथं आले होते. आमच्याकडे गर्दीचं चित्रीकरण नाही. हे एका साध्या मंगळवारचं आहे. तरी बघा, कोपऱ्यात एक जण मुलाला उचलून वरची ओळ दाखवतोय.

हे डोक्यात ठेवा आणि आता खडकीला चला.

(दृश्य : होळकर पूल, खाली मुळा. मुळा रोड. लोखंडी फाटक. फाटकातून एकदम हिरवळ, पांढऱ्या दगडांच्या रांगा.)

बाहेर हॉर्न, आत एकदम शांत. पुण्यात राहून चाळीस वर्षं झालेल्या माणसानंही हे फाटक बाहेरूनच पाहिलेलं असतं. खडकी वॉर सिमेटरी. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांच्या कबरी इथं आहेत. पश्चिम आणि मध्य भारतातल्या ज्या कबरींच्या कायमच्या देखभालीची शाश्वती नव्हती, त्या इथं आणल्या.

(दृश्य : एकच दगड, जवळून. वरून खाली.)

दगड कसा वाचायचा ते सांगतो. वर पलटणीचं चिन्ह. त्याखाली सैनिक क्रमांक आणि हुद्दा. मग नाव. मग पलटण, मृत्यूची तारीख, वय. मध्ये धर्माची खूण. अगदी खाली, गवताच्या पात्यांमागं लपलेली एक ओळ, ती घरच्यांची. पहिल्या महायुद्धानंतर या कबरी सांभाळणाऱ्या कमिशननं घरच्यांना त्या ओळीसाठी ६६ अक्षरं दिली होती, दोन शब्दांमधली मोकळी जागा धरून. सहासष्ट अक्षरांत पोराबद्दल काय लिहायचं? कुणी बायबलमधलं वचन दिलं, कुणी घरातलं लाडाचं नाव.

दगडाची उंची साधारण ३२ इंच, रुंदी १५. जनरल असो की स्वयंपाकी, माप तेच. हा नियम आपोआप आला नाही. त्याच्यावरून ब्रिटनमध्ये मोठं भांडण झालं होतं. १९१७ साली इम्पीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन स्थापन झालं. त्याच्यामागं फेबियन वेअर नावाचा माणूस होता. युद्धात रेड क्रॉसची रुग्णवाहिका पथकं चालवता चालवता त्याच्या लक्षात आलं की कोण कुठं पुरलंय याची नोंदच कुणी ठेवत नाहीये. त्यानं वही घातली. वहीतून कमिशन झालं. कमिशननं ठरवलं की प्रत्येकाचं नाव दगडावर किंवा स्मारकावर येईल, दगड सगळ्यांचा सारखा असेल, हुद्दा, वंश, धर्म यावरून फरक होणार नाही. श्रीमंत घरच्यांनी आरडाओरडा केला. आम्हाला आमच्या पोराचं शव घरी न्यायचंय, संगमरवरी देवदूत बसवायचाय. कमिशन बधलं नाही. हुद्द्याच्या बाबतीत तरी नाही.

(दृश्य : माळी. बादली, ब्रश. दगडावरून पाणी ओघळतं.)

पुण्याचा पाऊस या दगडांना मानवत नाही. जूनपासून शेवाळ धरतं, गणपती येईतो कडा काळ्या पडतात. मग पाणी आणि मऊ ब्रश. जोर लावायचा नाही, नाहीतर अक्षराची धार जाते. इथल्या एका माळ्यानं आम्हाला युक्ती दाखवली. अक्षर वाचता येत नसेल तर उन्हात वाचू नका, सकाळी सातला या, ऊन आडवं पडतं, सावली अक्षरात बसते. पुढची सगळी दृश्यं आम्ही सकाळी सातचीच घेतली आहेत.

(दृश्य : आडव्या उन्हातली रांग. मागं उंच क्रॉस, त्यावर कांस्याची तलवार, टोक खाली.)

हा क्रॉस ऑफ सॅक्रिफाइस. रेजिनाल्ड ब्लॉमफिल्ड यांचं हे काम जगभरच्या अशा स्मशानांत जसंच्या तसं उभं आहे. तलवार उलटी आहे, ते बघा.

(दृश्य : स्मारकावर कोरलेली नावं. कॅमेरा सावकाश सरकतो.)

आणि आता हे. लोक कबरी बघून वळतात, इथवर फार कुणी येत नाही. आमच्या मते खडकीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे.

यावर नावं आहेत, पण ज्यांची आहेत त्यांच्यापैकी बहुतेकांची कबर इथं नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात वारलेले १,८०० हून जास्त सैनिक. त्यांना पुरलं होतं ठिकठिकाणच्या छावण्यांच्या, गावांच्या स्मशानांत. आजच्या भारतात आणि पाकिस्तानात. बरेचसे लढाईत गेलेच नाहीत. ब्रिटनमधून हंगामी पलटणी इकडं पाठवल्या होत्या, म्हणजे इथल्या पक्क्या पलटणी युद्धावर नेता याव्यात. कारकून, गिरणी कामगार, दुकानातली पोरं. बोटीतून उतरली आणि उन्हानं, विषमज्वरानं, पटकीनं गेली. १९१८ साली मुंबईत इन्फ्लुएंझा उतरला, त्यानं आणखी नेली.

पुढं स्वातंत्र्य आलं. पलटणी गेल्या, चर्चची माणसं पांगली. स्मशानाची भिंत पडली की आधी दगड जातात, कुणाच्या तरी पायरीला लागतात. मग जागा जाते. हे महाराष्ट्रात कुठंही बघायला मिळेल, त्यासाठी इंग्रजांचं स्मशान लागत नाही.

पण इथं कुणीतरी वेळेत वही उघडली. कोणती कबर टिकणार नाही याची यादी झाली आणि ती नावं एकेक करून या दगडावर आली. मुंबईच्या शिवडी स्मशानाचं तर त्याहून पुढं. १९६२ साली तिथून ६२९ सैनिकांचे अवशेष काढून इथं आणले आणि परत पुरले. सहाशे एकोणतीस. ज्यांना जाऊन चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली होती, ज्यांचं राज्य जाऊन पंधरा वर्षं झाली होती, त्यांच्यासाठी घाट चढवून हे सगळं आणलं.

आम्ही मुळात या फाटकात आलो ते थोडे नाक मुरडतच. साहेबांचं स्मशान, आपल्याला काय त्याचं, असं. बाहेर पडलो ते हेव्यानं.

(दृश्य : नकाशा. मुंबई बंदर, पर्शियन आखात, बसरा, तैग्रीस नदी, कूत.)

कारण आता आपल्या माणसांचं बघू. इथून पुढं थोडा वेळ नकाशावर भागवावं लागेल, इराकला जायची आमची ऐपत नव्हती.

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी सगळ्यात जास्त गुंतल्या त्या मेसोपोटेमियात. तैग्रीसच्या वळणावर कूत नावाचं गाव आहे. तिथं जनरल टाउनशेंडची फौज तुर्कांच्या वेढ्यात सापडली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. जवळजवळ पाच महिने. आत १०३ वी, ११० वी आणि ११७ वी मराठा पलटण होती. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी इंजिनिअरांच्या, तुकड्या होत्या. अन्न संपलं तेव्हा घोडे आणि खेचरं कापली. पुष्कळ भारतीय शिपायांनी ते मांस बरेच दिवस शिवलं नाही आणि उपासानं झिजत गेले. शरणागतीनंतर वाळवंटातून कैद्यांना चालवत नेलं. त्या वाटेवर किती पडले, तो एक वेगळाच माहितीपट होईल.

या मेसोपोटेमियातल्या मृतांसाठी बसऱ्याला स्मारक बांधलं. त्याच कमिशननं, 'फरक होणार नाही' म्हणणाऱ्या. ४० हजारांवर माणसांचं स्मारक. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं आहेत, भारतीय अधिकाऱ्यांची आहेत. भारतीय शिपायांचा आकडा आहे. पलटणीचं नाव, दोन-चार सुभेदार-जमादारांची नावं आणि खाली 'आणि इतर अमुक इतके भारतीय सैनिक'.

बाकीचे.

१९९७ साली इराक सरकारच्या हुकमानं ते स्मारक जुन्या जागेवरून उचलून ३२ किलोमीटरवर नेऊन परत उभं केलं. दगड हलला. आकडा तसाच राहिला.

ही चूक झाली, असं त्या कमिशननंच एप्रिल २०२१ मध्ये अहवाल काढून मान्य केलं, माफीही मागितली. ४५ ते ५४ हजार मृतांच्या वाट्याला असमान स्मारकं आली. आणखी किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, असे, की ज्यांचं नावच कुठं नाही किंवा स्मारकच नाही. भारत, पूर्व आफ्रिका, पश्चिम आफ्रिका, इजिप्त. आता शोध चालू आहे.

(दृश्य : मातीचा रस्ता. गावाची वेस. चावडीची भिंत.)

हे पुणे जिल्ह्यातलं एक गाव. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण असली पाटी पुणे-सातारा पट्ट्यात कितीतरी गावांत आहे आणि कुणा एका सरपंचाला धारेवर धरायचं नाही.

(दृश्य : संगमरवरी पाटी. वरून तीनचार थर चुना. कडेला मीटरची वायर.)

पाटी युद्ध संपल्यावर सरकारनं बसवलेली. मजकूर सगळीकडे एकच. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धासाठी इतके लोक गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. रिकाम्या जागा भरा, तसं. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचा आकडा आहे ४६. एका गावातून सेहेचाळीस जण परत आले नाहीत, म्हणून ते गाव आजही 'अपशिंगे मिलिटरी'.

म्हणजे कूतला गेलेल्या एखाद्या शिपायाचा हिशेब मांडून बघा. बसऱ्याला आकडा. गावच्या वेशीत आकडा. मध्ये कुठंही त्याचं नाव नाही. १८२१ साली कोरेगावच्या दगडावर रामनाक लिहिता आलं होतं. त्यानंतर शंभर वर्षांनी, छापखाने आले, पगारपत्रकं आली, पेन्शनीची पुस्तकं आली, प्रत्येक शिपायाला क्रमांक आला, आणि नाव लिहायला जागा पुरली नाही?

नावं होती. पगार नावावर निघत होता, पेन्शन विधवेच्या नावावर. पंजाबातल्या अशाच भरतीच्या वह्या लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या. ३ लाख २० हजार सैनिकांच्या नोंदी, गाववार. ब्रिटनमधल्या अभ्यासकांनी त्या संगणकावर आणल्या आणि २०२१ पासून लोक घरबसल्या पणजोबा शोधू लागले. आपल्याकडेही वह्या शोधाव्यात. तलाठ्याचं दप्तर, पलटणींची मुख्यालयं, घराघरातल्या पत्र्याच्या पेट्या. आमचं म्हणणं एवढंच आहे आणि आम्ही ते लपवत नाही.

(दृश्य : घोरपडीचं युद्धस्मारक, लांबून, काही सेकंद.)

स्वातंत्र्यानंतरच्या हुतात्म्यांसाठी पुणेकरांनी वर्गणीतून घोरपडीला स्मारक उभं केलं, १९९८ साली. तिथं नावं आहेत.

(दृश्य : परत चावडी. एक वृद्ध गृहस्थ, टोपी, हातात ओला फडका. पाटी पुसतायत.)

आम्ही कॅमेरा लावला तर हे आजोबा आपणहून फडका घेऊन आले. चुना निघेना. मग त्यांनी नखानं खरवडायला सुरुवात केली. आधी साल निघालं, मग 'लोक गेले'. आकड्याच्या जागी कुणीतरी कधी काळी खिळा ठोकलाय, दिव्याची वायर अडकवायला. त्यामुळं किती गेले ते या पाटीवरून आता सांगता येत नाही. म्हणजे इथं तर आकडाही गेला.

(दृश्य : खिळा. अगदी जवळून.)

आजोबा म्हणाले, आमच्यातला एक आहे यात. आज्याचा थोरला भाऊ. घरात एवढंच म्हणायचे, बसऱ्याला गेला. म्हातारी दर पितरांना त्याचं पान वाढायची, तिथी माहीत नव्हती म्हणून सर्वपित्रीला. पितळेचं एक पदक होतं, ते मोडीत गेलं.

नाव विचारलं. त्यांनी सांगितलं, आणि नेमका तेव्हाच मागून उसाचा ट्रॅक्टर गेला. संध्याकाळी ध्वनिमुद्रण ऐकलं तर नाव नाही, नुसती घरघर.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. ट्रॅक्टर थांबवायला रस्त्यावर एक पोरगा उभा केला. आजोबांनी टोपी नीट केली, पाटीकडं नाही, कॅमेऱ्याकडं बघितलं, आणि नाव सांगितलं. स्वतःचं, बापाचं, आज्याचं, आणि मग त्याचं.

(येथून निवेदन नाही. आजोबांचा आवाज मूळ ध्वनीसह पूर्ण ठेवावा. संगीत नको.)